फोनला स्वतःचा नंबर माहीत नसतो

इंदूरच्या विजयनगर भागातल्या ऑफिसांत पावसाळ्यात लाइट जाऊन आली की टेबलावरचे इंटरनेट फोन एकेक करून उजळायला लागतात. आधी बटणांचे सगळे दिवे एकदम लागतात, मग पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, मग आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मागत असल्याची एक ओळ बराच वेळ तशीच राहते आणि शेवटी कोपऱ्यात एक्स्टेन्शन नंबर दिसतो. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या काकूंचा आवाज येतो, "अरे, माझा नंबर कुठं गेला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या घडीला फोनजवळ नंबर खरोखरच नसतो.

जुन्या काळ्या फोनजवळही तो कधी नव्हता. एक्स्चेंजमध्ये तांब्याच्या तारांची जोडी ज्या जागी जोडलेली असे, त्या जागेचा तो नंबर. त्या जोडीवर दुसरा कुठलाही फोन लावला तरी नंबर तोच. वीजसुद्धा तिथूनच यायची, ४८ व्होल्टची, म्हणून गल्ली अंधारात बुडाली तरी फोन चालायचा.

नेटवर्कच्या केबलला असा मालक नाही. भिंतीतल्या ज्या पॉइंटला आज फोन आहे, तिथं उद्या प्रिंटर लागेल. त्यामुळे फोनला जागं झाल्यावर विचारावंच लागतं, 'मी कोण?' मात्र हा प्रश्न मुळात फोनसाठी तयार झालेला नाही. १९८०च्या दशकात विद्यापीठांतून आणि प्रयोगशाळांतून डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स आली. डिस्क महाग, म्हणून यंत्राजवळ काहीच साठवलेलं नसे. नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेली ओळख, म्हणजे मॅक पत्ता, तेवढा स्वतःचा. त्यांच्यासाठी १९८४ मध्ये आरएआरपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा ठरलेला नियम, आला, पण तो फक्त आयपी पत्ता सांगायचा. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी बूटपी हा पुढचा प्रोटोकॉल मांडला. पत्त्यासोबत, सुरू होण्याची फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे, हेही तो सांगू लागला. ऑक्टोबर १९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांनी त्यावरच डीएचसीपी रचला आणि पत्ता ठरावीक मुदतीच्या भाड्यानं मिळायला लागला. आजही डीएचसीपीचा निरोप बूटपीच्याच साच्यातला आहे, निरोप ज्या क्रमांकांवर येतात-जातात ते पोर्टही तेच, ६७ आणि ६८.

फाइल आणायचं काम टीएफटीपी या आणखी एका प्रोटोकॉलचं. १९८१ मध्ये एमआयटीच्या कॅरन सॉलिन्स यांनी त्याचा मसुदा प्रसिद्ध केला. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. पासवर्ड नाही, फाइलींची यादी बघायची सोय नाही. इतका साधा, की छोट्याशा चिपमध्येही मावतो. इंटरनेट फोन आले तेव्हा बनवणाऱ्यांना हे सगळं आयतं मिळालं, कारण फोनही डिस्क नसलेलंच यंत्र होतं. त्यांनी डीएचसीपीच्या उत्तरात सर्व्हरचा पत्ता ६६ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे उत्तरातल्या ठरलेल्या रकान्यात, ठेवला. सिस्को कंपनीनं १५० वापरला. फोन तिथं जातो आणि बहुधा स्वतःच्या मॅकच्या नावाची फाइल मागतो. नंबर असतो त्या फाइलीत. फोन उलटा करा, मागच्या लेबलावर तो बारा अक्षरांचा मॅक छापलेला दिसेल.

या वारशातली एक उणीव मला फार खुपते. मुळातला डीएचसीपी उत्तर देणाऱ्याची ओळख तपासत नाही. पहिला जो बोलेल, फोन बहुतेक वेळा त्याचंच ऐकतो. एका ऑफिसात कुणीतरी वायफायसाठी घरचा राउटर आणून पॉइंटला लावला, आणि असा राउटरही स्वतःहून पत्ते वाटतो. त्या दिवशी लाइट गेली आणि अर्ध्या मजल्याच्या फोनवर कोपऱ्यातला नंबर काही येईना. मी स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथं जोडलेल्या असतात ती पेटी, बघितला, सर्व्हर बघितला, सगळं ठीक. दुपारी एका फोनच्या मेनूत शिरलो तर पत्ता १९२.१६८ पासून सुरू होणारा, आमचे सगळे १० पासून सुरू होणारे. राउटर टेबलाखाली, खोक्यांच्या मागे सापडला. अनोळखी पॉइंटवरून आलेली उत्तरं अडवायची सोय बऱ्याच स्विचमध्ये असते. फोन बसवतानाच ती चालू करायला हवी होती.

वीज परत तारेतून आली ती २००३ मध्ये, ८०२.३एएफ या मानकानं. तिथंही ४८ व्होल्टच्या आसपासचाच आकडा, स्विचच्या प्रत्येक जोडणीमागे १५.४ वॉटपर्यंत. स्विचला यूपीएस असेल तर लाइट गेल्याचं फोनला कळतही नाही. वीज मिळाल्यावर, बहुधा आयपी मागायच्या आधीच, फोन व्हॉइससाठीच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच केबलवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये, जातो. ते त्याला बहुधा स्विचकडून येणाऱ्या एलएलडीपी नावाच्या निरोपातून कळतं.

शेवटचं पाऊल नोंदणीचं. आता बहुतेक ठिकाणी ती सिप या फोन जोडून देणाऱ्या प्रोटोकॉलनं होते. सिपचं पहिलं मानक मार्च १९९९चं, आज चालतं ते जून २००२चं. 'अमुक एक्स्टेन्शन सध्या अमुक पत्त्यावर आहे' असं फोन सर्व्हरला कळवतो, आणि मुदत संपायच्या आत पुन्हा कळवत राहतो.

काकू अजूनही रिसीव्हर कानाला लावून टोन ऐकतात. पूर्वी तो टोन एक्स्चेंजमधून यायचा, तो आला म्हणजे लाइन जिवंत. आता बहुतेक फोन तो स्वतःच वाजवतात. म्हणून मी त्यांना सांगितलंय, काकू, कोपऱ्यातला नंबर आधी बघा, टोन नंतर.