सोडून दिलेला मासाही हिशेबात धरावा लागतो

ऑगस्ट 2015 च्या सुरुवातीलाच अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने मिल लॅक्स तलावातली वॉलआय माशाची मासेमारी ऐन हंगामात थांबवली. राज्याच्या वाट्याचा त्या वर्षीचा कोटा होता 28,600 पौंड, म्हणजे जेमतेम 13 टन, आणि तो संपला होता. खरे तर गळवाल्यांना माणशी एकच मासा घरी नेता येत होता. तोही 19 ते 21 इंचांचा, नाहीतर थेट 28 इंचांहून मोठा. बाकीचे सगळे परत पाण्यात. मग कोटा संपला कसा?

परत सोडलेल्यांपैकी काही मासे मरतात आणि त्यांचे वजनही कोट्यातून वजा होते, हे त्याचे उत्तर. याच तलावावर झालेल्या अभ्यासात मे महिन्यात, पाणी थंड असताना, सोडलेला मासा सहसा जगतो असे दिसले. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की मरणाऱ्यांचे प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास पोचले. समजा, दहा हजार किलो मासे पकडून सोडले. बारा टक्क्यांनी बाराशे किलो गेले, आणि एकही मासा कुणाच्या कढईत पडलेला नाही. मिल लॅक्स 500 चौरस किलोमीटरहून मोठा असला तरी जास्तीत जास्त 13 मीटर खोल आहे. वारा सुटला की सगळे पाणी ढवळून निघते, त्यामुळे उन्हाळ्यात माशाला गारव्यासाठी खाली जायलाही जागा उरत नाही.

सर्वांत घातक म्हणजे गिळलेला गळ. जळू किंवा गांडूळ लावून दोर सैल सोडला की वॉलआय आमिष निवांत गिळतो आणि गळ कल्ल्यांत किंवा घशात रुततो. तो ओढून काढू नये. तोंडाशी दोर कापून गळ आतच राहू द्यावा. मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवावा आणि हात आधी ओले करावेत, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मासा सोडूनच द्यायचा असेल तर नऊ-दहा मीटरहून खोल पाण्यात मासेमारी करूच नये. वॉलआयच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, घशाकडे उघडणारी नळी नसते. वर ओढताना आतली हवा फुगते आणि ती झटकन बाहेर टाकायला वाटच नसते.

पण हा हिशेब कितीही चोख ठेवला तरी मूळ दुखणे वेगळे आहे. वॉलआयची मादी वसंतात, बर्फ वितळल्यावर, किनाऱ्याच्या खडी-गोट्यांवर अंडी टाकते आणि निघून जाते. मिल लॅक्समध्ये अंडी घालणाऱ्या माद्या पुरेशा होत्या, पिल्लेही निघत होती. ती पहिल्या आणि तिसऱ्या शरदाच्या दरम्यान गायब होत होती. 2014 मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा संशयाचे बोट मोठ्या वॉलआयकडेच गेले: यलो पर्च आणि टलिबीसारखे खाद्यमासे कमी पडले की ते आपल्याच जातीची पोरे खातात. मध्यम ते मोठ्या आकाराच्या माशांना वर्षानुवर्षे संरक्षण देणाऱ्या लांबीच्या नियमांनी हाच समतोल बिघडवला, असे मला वाटते. नियम मोठ्यांना वाचवत गेला आणि पकडीचा भार लहानांवर, त्यातही नरांवर पडला.

त्यात पाणी निवळले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासूनच तलाव स्वच्छ होत होता. 2005 मध्ये झेब्रा शिंपला सापडला, आणि हा शिंपला पाणी गाळूनच जगतो. आपल्याला नितळ पाणी छान वाटते. वॉलआयला नाही. त्याच्या डोळ्यामागे मांजरासारखा चकाकणारा थर असतो, म्हणून तो गढूळ किंवा मंद उजेडात शिकार करतो. लख्ख पाण्यात त्याला राहण्याजोगा भागच कमी होतो.

‘मग बीज सोडा की’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्या धरणांत तो बरोबरच आहे: कटला, रोहू, मृगळ यांना वीण करायला पुराचे वाहते पाणी लागते, साठलेल्या पाण्यात ते होत नाही, म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. मिनेसोटातल्याच रेड लेकमध्येही ते फळले. तिथे अतिमासेमारीने अंडी घालणारे मासेच संपले होते. 1999 मध्ये मासेमारी पूर्ण बंद झाली, कोट्यवधी पिल्ले सोडली, 2006 मध्ये तलाव पुन्हा खुला झाला. मिल लॅक्समध्ये मात्र पिल्लांची वानवा कधीच नव्हती. तिथे आणखी पिल्ले सोडणे म्हणजे मोठ्यांचे ताट वाढून ठेवणे.

कोटा ठरवण्यात दोन पक्ष आहेत. 1837 च्या तहाने राखलेला मासेमारीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मान्य केला. ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या आठ जमाती आणि राज्य मिळून आकडा ठरवतात. त्यासाठी शरदात वेगवेगळ्या आसांची गिलनेट, म्हणजे माशाला कल्ल्यांत अडकवणारी जाळी, ठरावीक जागी टाकतात. मासा मोजून, तोलून झाला की डोक्यातून कानाचा खडा काढतात: जेमतेम नखाएवढा, पांढरा. तो मधोमध तोडून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात, एका वर्षाला एक. यावरून कोणत्या सालची पिढी किती तगली ते कळते.

2013 ची पिढी दणकट निघाली आणि पुढची कित्येक वर्षे तलाव तिच्याच जिवावर चालला. 2024 मध्ये एकूण कोटा 1,57,500 पौंडांवर गेला होता. जाळे वर आले की आधी शोधतात ते दोन हिवाळे काढलेले छोटे मासे. पंचवीस इंची धूड कितीही निघाले तरी पुढच्या पिढीबद्दल त्यातून काही कळत नाही.