पावणेनऊ की दहा? इलेक्ट्रिक गिटारचे ट्यूनर बदलण्याची पार्श्वभूमी

ऑनलाइन मागवलेला ट्यूनरचा, म्हणजे तारा सुरात लावायच्या खुंट्यांचा, नवा संच हेडस्टॉकमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या डोक्यात, बसत नाही, ही तक्रार नाशिकच्या गिटारवाल्यांमध्ये वरचेवर ऐकू येते. कधी पोस्ट, म्हणजे तार गुंडाळायचा दांडा, छिद्रात डुगडुगते, कधी तिच्याभोवतीची धातूची नळी, म्हणजे बूश, आत शिरतच नाही. फोटोत दोन्ही संच सारखेच चकचकीत दिसतात आणि दोन्हींवर ‘स्ट्रॅटसाठी’ किंवा ‘लेस पॉलसाठी’ असे गिटारीच्या मॉडेलचे नावच लिहिलेले असते. फरक असतो तो छिद्राच्या व्यासात, आणि तो पडून आता साधारण साठ वर्षे झाली. हेडस्टॉकला सुमारे पावणेनऊ मिलिमीटरचे छिद्र असलेल्या गिटारी आणि दहा मिलिमीटरचे छिद्र असलेल्या गिटारी अशा दोन जाती तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आहेत. नवे ट्यूनर निवडताना रंग आणि बटणाचा आकार यांच्या आधी हा इतिहास माहीत हवा.

नुसत्या घर्षणाने तार धरणारी लाकडी खुंटी तंबोऱ्यामुळे आपल्या ओळखीची आहे. वर्म, म्हणजे आट्यांचा दांडा, आणि दातेरी चाक यांची जोडी युरोपातल्या गिटारींवर एकोणिसाव्या शतकात रुळली. सहाही खुंट्या एका बाजूला ओळीने लावायची पद्धतही त्याच काळातल्या व्हिएन्नाची, पण ती घराघरांत पोहोचली १९५० नंतर, फेंडर या अमेरिकन कंपनीच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या गिटारींमुळे. वर्मचा गुण असा की बटण फिरवले की चाक फिरते, पण तारेच्या ओढीने चाक उलटे फिरून वर्मला हलवू शकत नाही. म्हणूनच ‘ट्यूनर सरकतोय’ हे निदान बऱ्याच वेळा चुकीचे असते. तार लावताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार मानेच्या टोकाच्या नटमध्ये, म्हणजे खाचांच्या पट्टीत, अडकते आहे, आणि सहा नवे ट्यूनर लावूनही ती अडकतच राहील. खाचेत पेन्सिलीचे ग्राफाइट भरून आधी तेवढे तपासावे.

१९५० च्या दशकात फेंडर आणि लेस पॉल बनवणारी गिब्सन या दोघांच्याही बहुतेक गिटारींवर शिकागोत बनणारे क्लूसन ट्यूनर असत. चाकाभोवती पत्रा दाबून केलेले घर, तेल घालायला झाकणाला बारीक छिद्र, आणि पुढच्या बाजूने लाकडात नुसते दाबून बसवलेले गोल बूश, अशी त्यांची रचना होती. त्या बूशसाठी ११/३२ इंचाचे, म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटरचे छिद्र लागे. फेंडरवर शेजारच्या दोन ट्यूनरना एकच स्क्रू धरत असे, त्यामुळे सहा ट्यूनरना सात स्क्रू पुरत. हलके, स्वस्त आणि त्या काळाच्या मानाने चांगले काम होते ते. पण रोज वाजणाऱ्या गिटारींत दाते झिजत, बटण फिरवले तरी पोस्ट क्षणभर जागची हलत नसे, आणि गिब्सनवरची प्लास्टिकची बटणे काही वर्षांनी आकसून भुगा होत.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ग्रोव्हर कंपनीचे रोटोमॅटिक ट्यूनर आले आणि १९६६ मध्ये जर्मनीतून शॅलरचे एम-सिक्स. दोन्ही ओतीव घराचे, आतले ग्रीस बाहेर न येणारे. त्यांचे बूश आट्यांचे होते. पुढून षटकोनी नट आवळला की ट्यूनर हेडस्टॉकला दोन्ही बाजूंनी पकडून बसे, त्यामुळे मागे एकच छोटा स्क्रू पुरे होई. अशा बूशला जागा जास्त लागते, म्हणून छिद्र दहा मिलिमीटरचे किंवा किंचित मोठे करावे लागे. फारकत इथे झाली.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वाजवणाऱ्यांनी आपापल्या जुन्या गिटारींची छिद्रे मोठी करून घेतली. त्या निर्णयावरचा वाद आजही मिटलेला नाही. करून घेणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी होती. १९६८ साली दहा वर्षांची लेस पॉल हे कामाचे हत्यार होते. तिची पुढे काय किंमत होईल याची कल्पना कोणाला असणार? रात्रभर कार्यक्रम करणाऱ्याला सूर टिकायला हवा होता आणि बाजारात त्यावर उत्तर होते. नंतर जुन्या गिटारींचा स्वतंत्र बाजार उभा राहिला तेव्हा मूळ छिद्रांच्या गिटारींना जास्त भाव मिळू लागला, आणि मोठी केलेली छिद्रे दोष म्हणून नोंदली जाऊ लागली.

भावाची गोष्ट माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. लाकडाची गोष्ट मोठी आहे. काढलेले लाकूड परत येत नाही. ओतीव ट्यूनर जड असल्याने हेडस्टॉकचे वजन वाढते, आणि मुळातच मानेकडे झुकणाऱ्या, गिब्सनच्या एसजीसारख्या गिटारीत ते पट्टा खांद्यावर घेताच जाणवते. जुन्या स्क्रूंची भोके उघडी पडतात. छिद्र केंद्रापासून जरा जरी सरकले तर पोस्ट तिरकी उभी राहते आणि आवळलेला नट फिनिशमध्ये एका बाजूने रुततो. ‘बारा-पंधरा हजारांच्या गिटारीला कसला वारसा?’ असे विचारले जाते. या चारही गोष्टी स्वस्त गिटारीलाही तशाच लागू आहेत, आणि तिच्यावरचा जाड पॉलिएस्टरचा थर ड्रिलखाली उलट लवकर टवका सोडतो.

साठच्या दशकात दुसरा मार्ग नव्हता, आज तो आहे. १९८२ च्या सुमारास फेंडरने जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पुन्हा काढल्या, नव्वदच्या दशकात क्लूसन हे नाव बाजारात परतले, आणि जपानच्या गोटोने जुन्याच छिद्रात बसणारे, पण आतून नव्या दर्जाचे ट्यूनर दिले. ऐंशीच्या दशकात पसरलेले लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार पोस्टमध्येच आवळून धरणारे, सुरुवातीला मोठ्या छिद्रांसाठीच होते. आता तेही पावणेनऊसाठी मिळतात. छिद्र मोठे करायला कारणच उरलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हा सगळा प्रवास उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोहोचला. १९९१ च्या आधी परदेशी सुटे भाग महाग आणि दुर्मीळ होते. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांमधले वादक कलकत्त्याकडे बनलेल्या गिटारींवर, एकाच पट्टीवर तीन-तीन उघड्या चाकांच्या खुंट्यांवर भागवत. काही हवेच असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे आणि सीएसएमटीहून चालत वाद्यांच्या दुकानांसाठी धोबी तलाव गाठायचा. तिथे निदान काउंटरवर ट्यूनर हातात घेऊन बघता येई. आता पार्सल थेट गंगापूर रोडवर घरी येते, पण वर्णनात गुणोत्तर ठळक असते, रंग ठळक असतो आणि व्यास कुठेच नसतो. १८:१ म्हणजे पोस्टच्या एका फेऱ्यासाठी बटणाचे अठरा फेरे, १५:१ म्हणजे पंधरा. सूर बारकाईने लावायला मोठा आकडा बरा, पण दाते सैल असतील तर तो आकडा नुसता छापलेला राहतो.

नाशिकमध्ये एक मोह जास्त आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे ड्रिल प्रेस असलेला कोणी ना कोणी ओळखीत निघतोच. पण धातूसाठी धार लावलेले ड्रिल आधीच असलेल्या छिद्रात घातले की ते स्वतःहून आत खेचले जाते आणि पलीकडे निघताना लाकडाचा टवका काढते. त्याच ओळखीचा खरा उपयोग व्हर्नियरसाठी, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनासाठी, करावा. जुना ट्यूनर काढून छिद्र पुढून आणि मागून, दोन्हीकडून मोजावे, कारण काही गिटारींत ते पुढे लहान आणि मागे मोठे असे दोन टप्प्यांचे असते. मग हेडस्टॉकची जाडी, दोन पोस्टमधले अंतर, आणि मागे एक स्क्रू आहे, दोन आहेत की पिना, हे लिहून घ्यावे. एका स्क्रूच्या ट्यूनरमध्येही तो सरळ खाली येतो की तिरका, हे पाहावे. संच तीन-तीनचा हवा की सहा एका बाजूचे, हे बहुतेकांना कळते. सहाच्या संचात डावा-उजवा फरक असतो, तिथे मात्र घाई होते.

दाबून बसवलेले बूश काढताना मागून लाकडी दांडीने, चारी बाजूंनी सारखे दाबत पुढे ढकलावे. लॅकर (वार्निशचा थर) चिकटले असेल तर सोल्डरिंग आयर्न क्षणभर बूशला टेकवून ते मऊ होऊ द्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगून हे बूश घट्ट होतात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कधी कधी हाताने निघतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये जोर लावून काढायला जाऊ नये. जुनी स्क्रूची भोके बांबूची काडी आणि लाकडाचा गोंद भरून बुजवावीत, एक दिवस वाळू द्यावीत, आणि नव्या स्क्रूआधी बारीक पायलट भोक पाडून स्क्रूला मेण लावावे. हे स्क्रू इतके बारीक असतात की कोरड्या मेपलमध्ये डोके तुटून दांडा आत राहतो. षटकोनी नट बोटांनी आणि मग पान्याने पाव फेरा, एवढेच. साध्या पोस्टवर जाड तारांना दोन-तीन वेटोळी पुरतात, लॉकिंगवर एकही पूर्ण नको.

उलटी अडचण सहज सुटते. छिद्र दहाचे आहे आणि जुन्या वळणाचे ट्यूनर हवे आहेत, तर बाहेरून दहा आणि आतून पोस्टच्या मापाचे, म्हणजे पाव इंचाचे, अडॅप्टर बूश मिळतात. लाकूड न काढता ते बसतात आणि वाटले तर काढता येतात. कॉलेज रोडवर किंवा ओळखीतून वापरलेली गिटार घेताना हेडस्टॉकची मागची बाजू उजेडात धरावी. ट्यूनरच्या कडेने बुजवलेल्या भोकांचे ठिपके किंवा जुन्या घराची पुसट कडा दिसली, तर ट्यूनर बदललेले आहेत. मग पुढचे वॉशर किंवा बूश हलते का ते बघावे आणि छिद्र मोठे केले आहे का, हे विकणाऱ्याला सरळ विचारावे. केले असेल तर अडॅप्टर आणि जुन्या वळणाच्या संचाचा खर्च ठरलेल्या किमतीतून वजा करून मागावा.