अंगावर काढलेली दुखणी

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रोझा पार्क्स यांची कागदपत्रं जपून ठेवली आहेत. त्यात १९७३ सालचा एक फोटो आहे. साठ वर्षांची ही बाई पालथी झोपलीय, मागे हात नेऊन दोन्ही पाय धरलेत, छाती जमिनीपासून उचललीय. आपण शाळेच्या मैदानावर सतरंजीवर केलेलं धनुरासन. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून अटक झालेली, काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतली रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत असते, पण योगासनं करणारी मला तरी अगदी अलीकडे भेटली, आणि त्या फोटोवरून नजर हटेना.

१ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात रोझा बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, त्याचं कारण पुस्तकांत ‘दिवसभराच्या शिवणकामानं पाय दुखत होते’ असं लिहिलं जातं. त्यांनी स्वतः आत्मचरित्रात ते खोडून काढलंय. थकले होते ती फक्त नमतं घेण्याला, असं त्या म्हणतात. खरं दुखणं नंतर सुरू झालं. डिपार्टमेंट स्टोअरमधली नोकरी गेली, फोनवर जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या, पोटात अल्सर झाले. १९५७ मध्ये घर सोडून डेट्रॉइटला जावं लागलं, तिथे १९५९ च्या अखेरीला अल्सरनं दवाखान्यात भरती व्हावं लागलं. १९६० मध्ये ‘जेट’ साप्ताहिकानं त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा ‘चिंधी झालेली बाई’ अशा अर्थाचे शब्द वापरले. चळवळीची किंमत त्यांच्या पोटानं मोजली.

सोमॅटिक थेरपी, म्हणजे शरीराला धरून केले जाणारे मानसोपचार, हा शब्द आता इन्स्टाग्रामवरही ऐकू येतो. अमेरिकेत काळ्या आणि एकूणच गोरेतर स्त्रियांसाठी असे उपचार करणारे बरेच थेरपिस्ट आज काम करतात. त्यामागचा इतिहास सांगताना बहुतेक जण फ्रॉइडच्या व्हिएन्नापासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात अर्धीच वाटते. मॉन्टगोमेरीपासूनही सुरुवात करता येते, आणि करायला हवी.

आधी हे उपचार असतात कसे ते पाहू. समोरची बाई कामाचं, सासरचं, ऑफिसातल्या अपमानाचं सांगत असते. थेरपिस्ट मध्येच हळू आवाजात विचारते, ‘हे सांगताना अंगात कुठे काय होतंय?’ उत्तर बहुधा ‘काही नाही’ असंच येतं. खांदे मात्र कानापर्यंत चढलेले असतात, दातांवर दात घट्ट, श्वास गळ्याच्या खाली उतरत नाही. मग तळपाय जमिनीला टेकलेत का बघायचं, पाठीला खुर्चीचा आधार लागतोय का बघायचं. दुखऱ्या आठवणीकडे थोडंसं जायचं आणि लगेच परत यायचं, अगदी चमच्या-चमच्यानं. धोका दिसला की शरीर लढायला, पळायला किंवा थिजायला तयार होतं. धोका वर्षानुवर्षं टळलाच नाही तर ती तयारी अंगात तशीच राहते, आणि ती सुटायला वाट करून द्यावी, ही यामागची धारणा.

या विचाराची युरोपातली शाखा थोडक्यात सांगते. पॅरिसमध्ये पिएर जानेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलं होतं की आघाताच्या आठवणी शब्दांत न येता हालचालींत, संवेदनांत येतात. फ्रॉइडचा शिष्य विल्हेल्म राइख यानं १९३० च्या दशकात स्नायूंच्या ‘चिलखता’ची कल्पना मांडली; पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९५७ मध्ये तिथल्या तुरुंगात वारला. बर्लिनच्या व्यायामशिक्षिका एल्सा गिंडलर यांची विद्यार्थिनी शार्लोट सेल्व्हर १९३८ मध्ये अमेरिकेत आली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात समुद्राकाठी इसालेन इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि हे सगळे प्रवाह तिथे एकत्र आले. ‘सोमॅटिक्स’ हा शब्द थॉमस हॅना यांनी १९७६ मध्ये रूढ केला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या लढ्यामुळे १९८० मध्ये पीटीएसडीला, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या ताणाच्या विकाराला, मनोविकारांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली. पुढे पीटर लेव्हीन, पॅट ऑग्डन यांनी आपापल्या पद्धती बांधल्या आणि २०१४ मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या पुस्तकानं हा विषय घरोघरी पोचवला. या साऱ्या कथेत समोर असलेलं शरीर बहुतेक वेळा गोऱ्या माणसाचं होतं. ज्याचं शरीर कायद्यानं त्याच्याच मालकीचं होतं, अशा माणसाचं.

आता मॉन्टगोमेरी. रोझा यांच्या अटकेच्या शंभरेक वर्षं आधी, १८४५ ते १८४९ या काळात, याच शहरात डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्यातल्या तिघींची नावं कळतात: अनार्का, बेट्सी आणि लूसी. बाळंतपणात झालेल्या जखमा शिवण्याची पद्धत डॉक्टरांना शोधायची होती. भूल दिलेली नव्हती. एकट्या अनार्कावर तीस शस्त्रक्रिया झाल्या. त्या तिघींच्या संमतीचा प्रश्नच नव्हता; संमती मालकाची. सिम्स यांना आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हटलं गेलं आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ त्यांचा पुतळा उभा राहिला, तो २०१८ मध्ये हटवला. २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीतच त्या तिघींचे उंच, लोखंडी भंगारातून जोडलेले पुतळे मिशेल ब्राउडर या शिल्पकार स्त्रीनं उभे केले.

गुलामी संपल्यावरही हे थांबलं नाही. मिसिसिपीची शेतमजूर फॅनी लू हेमर १९६१ मध्ये पोटातली गाठ काढायला दवाखान्यात गेली. तिला न विचारता तिचं गर्भाशय काढून टाकलं. हा प्रकार त्या भागात इतका सर्रास होता की त्याला ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’, म्हणजे मिसिसिपीतलं अपेंडिक्सचं ऑपरेशन, म्हटलं जाई. १९६३ मध्ये मतदार नोंदणीच्या कार्यशाळेहून परतताना तिला वायनोनाच्या तुरुंगात इतकं मारलं की मूत्रपिंड कायमचं दुखावलं. डिसेंबर १९६४ मध्ये हार्लेममध्ये ती बोलली: आजारपणाचा आणि थकव्याचाच मला आता वीट आलाय. हे वाक्य पुढे घोषणा बनलं. मला मात्र ते आधी एका रुग्णाचं गाऱ्हाणं म्हणून ऐकू येतं. कुणीतरी अखेर विचारलं, आणि तिनं खरं सांगितलं.

अशा बाईला ‘अंगात कुठे काय होतंय’ हा प्रश्न सोपा कसा असेल? पिढ्यान्‌पिढ्या अंगाकडे लक्ष न देणं हीच जगण्याची रीत होती.

हा प्रश्न काळ्या स्त्रियांनी एकमेकींना विचारायला सुरुवात केली, ती कुठल्याही थेरपीच्या आधी. फ्लोरिडाच्या बिली एव्हरी यांचे पती १९७० मध्ये तेहतिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. तेव्हापासून त्या आरोग्याच्या कामात उतरल्या. जून १९८३ मध्ये त्यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काळ्या स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरवली. सुमारे दोन हजार बायका आल्या. त्यातून नॅशनल ब्लॅक विमेन्स हेल्थ प्रोजेक्ट उभा राहिला आणि गावोगाव बायकांचे छोटे गट बसू लागले. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा यांवर बोलायला जमलेल्या बायका थोड्याच वेळात मारहाणीवर, लहानपणीच्या अत्याचारांवर, कधीच न संपणाऱ्या कामावर येत. रक्तदाब कुठून येतो हे तिथे बोलताबोलता उलगडत गेलं. माझ्या मते हे गट म्हणजे या विषयातलं सर्वांत मोलाचं पान आहे, आणि सोमॅटिक थेरपीच्या इतिहासात ते क्वचितच सापडतं.

‘विमेन ऑफ कलर’, म्हणजे गोरेतर स्त्रिया, हा शब्दही असाच जमलेल्या बायकांचा. १९७७ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. काळ्या स्त्रियांनी आपला मागणीपत्राचा मसुदा आणला, तेव्हा लॅटिना, आशियाई, मूळ रहिवासी स्त्रियांनी आम्हालाही त्यात घ्या म्हटलं. मग सगळ्यांना मिळून एक नाव हवं होतं. लोरेटा रॉस यांनी ही हकिगत सांगितलीय, आणि हे नाव एकजुटीचं होतं, कातडीच्या रंगाचं वर्णन नव्हतं, असं त्या बजावून सांगतात.

थकव्याला शास्त्राचा आधार मिळाला तो १९९२ मध्ये. संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी बाळंतपणाच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीच्या मध्यात बाळाला धोका कमी होतो, काळ्या स्त्रियांमध्ये मात्र तो किशोरवयापेक्षा वाढलेला दिसला. त्यांनी याला ‘वेदरिंग’ म्हटलं; ऊन-पाऊस खाऊन दगड झिजतो तसं शरीर वेळेआधी झिजणं. २००६ मध्ये त्यांच्या गटानं रक्तदाब, साखर वगैरे मोजमापांवरून शरीरावर साठलेला ताण मोजला. तो काळ्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त निघाला, आणि नुसत्या गरिबीनं त्याचा उलगडा होत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जन्मांमागे ६९.९ काळ्या माता दगावल्या, गोऱ्या माता २६.६. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये ‘सुपरवुमन’ची धारणा मांडली: कणखर दिसायचं, भावना गिळायच्या, मदत मागायची नाही, आधी सगळ्यांचं बघायचं. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरातल्या बायका आल्या. आजार अंगावर काढणं हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही.

योगाची वाटही तुरुंगातून जाते. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या एरिका हगिन्स १९६९ ते १९७१ कनेटिकटच्या तुरुंगात होत्या. तान्ही मुलगी बाहेर, पती गोळीबारात मारला गेलेला. तिथे पुस्तकावरून त्या आसनं आणि ध्यान शिकल्या. सुटल्यावर त्यांनी ओकलंडच्या शाळेत मुलांनाही ध्यान शिकवलं. पुढे त्या ज्या सिद्धयोग परंपरेशी जोडल्या गेल्या, तिचा मूळ आश्रम आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीला आहे.

युरोपातून आलेला आणि काळ्या स्त्रियांचा, हे दोन प्रवाह एकमेकांना मिळाले ते अगदी अलीकडे. मिनियापोलिसचे थेरपिस्ट रेस्मा मेनाकेम यांनी २०१७ च्या पुस्तकात आपल्या आजीचे हात दाखवले. बुटकी, जाडजूड बोटं. चौथ्या वर्षापासून कापूस वेचून झालेली. पिकलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं टोचतात, रक्त येतं, हळूहळू कातडीच जाड होते. विदर्भ-मराठवाड्यात वेचणीला गेलेल्या बाईला हे सांगावं लागणार नाही. वंशवाद आधी शरीरात राहतो, गोऱ्यांच्याही, असं मेनाकेम म्हणतात. २०२१ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं वंशवादातल्या आपल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१४ मध्ये, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ पीटीएसडीग्रस्त स्त्रियांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला. योग करणाऱ्या गटात ५२ टक्के स्त्रियांना शेवटी ते निदान लागू पडत नव्हतं, दुसऱ्या गटात २१ टक्के. आशा वाटावी असा निकाल, पण अभ्यास छोटा. लेव्हीन यांच्या पद्धतीवरचे अभ्यासही थोडे आहेत, आणि या क्षेत्रात सतत सांगितल्या जाणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या (मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेच्या) सिद्धांतावर शरीरशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतलेत. मला जास्त खुपतं ते वेगळं. एव्हरींच्या गटात बसायला पैसे लागत नव्हते. आज तोच दिलासा तासाच्या फीवर मिळतो, ज्या बाईला तो तास काढणंच सर्वांत अवघड तिला.

गोरेतर स्त्रियांत आपल्याही बायका येतात. न्यू जर्सीत १९८५ मध्ये सहा भारतीय स्त्रियांनी ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था सुरू केली, घरात मार खाणाऱ्या बायकांना आपल्या भाषेत बोलता यावं म्हणून. तिकडेच राहणारी माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी थेरपीला जाऊ लागली. पहिल्या दोन-तीन वेळा ‘अंगात कुठे जाणवतंय’ला तिच्याकडे इंग्रजीत उत्तर नव्हतं. थेरपिस्ट काळी, वयानं मोठी. ती म्हणाली, तुझ्या भाषेत सांग, मला नाही कळलं तरी चालेल. मैत्रीण म्हणाली, ‘घशाशी आलंय.’ बोलताना तिचा हात आपोआप गळ्यावर गेला होता, आणि थेरपिस्टनंही स्वतःचा हात आपल्या गळ्यावर ठेवला.