डिजिटल ऑडिओ केबलची निवड (होम थिएटर)

होम थिएटरमध्ये ब्लू-रे प्लेअर, सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीपासून एव्ही रिसीव्हरपर्यंत (आवाज स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्रापर्यंत) आवाज अंकरूपात नेणाऱ्या केबलचे तीन प्रकार प्रचलित आहेत : कोॲक्सियल, ऑप्टिकल आणि एचडीएमआय. त्यांतली कोणती घ्यावी हे किमतीवरून किंवा पिनांवरच्या सोन्याच्या मुलाम्यावरून ठरत नाही. जो आवाज ऐकायचा आहे त्याचा डेटा त्या जोडणीत मावतो की नाही, यावर ते ठरते.

कोॲक्सियल (75 ओहमची तांब्याची तार) आणि ऑप्टिकल (तोशिबाने 1983 साली आणलेली, लाल प्रकाश वाहणारी प्लॅस्टिकची तंतूवाहिनी) या दोन्ही सोनी व फिलिप्स यांनी आखलेल्या एस/पीडीआयएफ या एकाच पद्धतीने चालतात. ही पद्धत सीडीच्या काळातली असल्याने तिच्यात असंपीडित (डेटा न दाबलेल्या) आवाजाचे दोनच चॅनेल, म्हणजे स्वतंत्र ध्वनिप्रवाह, बसतात. 5.1 (पाच मुख्य चॅनेल आणि एक खर्जाचा) आवाज जातो, पण डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या रूपात, म्हणजे काही तपशील कायमचा गाळून. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मूळ ध्वनिमुद्रणातले काहीही न गमावणारे प्रकार या वाटेने जात नाहीत. 24 बिट, 96 किलोहर्ट्झचे आठ चॅनेल म्हणजे सेकंदाला सुमारे 18.4 मेगाबिट, हा भार एचडीएमआयच पेलते.

खरी फसगत टीव्हीमार्गे आवाज घेताना होते. 2009 च्या एचडीएमआय 1.4 मधील एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनेल) ही टीव्हीकडून रिसीव्हरकडे जाणारी आवाजाची परतीची वाट एस/पीडीआयएफइतकीच अरुंद आहे, त्यामुळे महागडी केबल घालूनही ट्रूएचडी रिसीव्हरपर्यंत पोहोचत नाही. 2017 च्या एचडीएमआय 2.1 मधील ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती सेकंदाला सुमारे 37 मेगाबिट वाहते. मात्र टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत ती सोय हवी. केबल इथरनेट-सोयीची हाय-स्पीड असली तरी पुरते. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडणे हा त्याहून सोपा आणि खात्रीचा मार्ग होय.

मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात तयार केला. त्याचा आवाज एकाच चॅनेलचा होता. आज याच शहरात घरी आठ चॅनेलची मांडणी करताना मंगळवार पेठेसारख्या जुन्या भागातल्या जाड भिंती आणि राजारामपुरीतल्या बंगल्यांचे मोठे दिवाणखाने या दोन्हींमुळे केबलच्या लांबीचा विचार आधीच करावा लागतो. 4के चित्रासह आवाज नेणारी साधी तांब्याची एचडीएमआय केबल पाच मीटरपलीकडे भरवशाची राहीलच असे नाही. तिथे फायबरची एचडीएमआय केबल वापरतात. तिला दिशा असते, म्हणून स्रोताकडचे टोक पाहूनच ती भिंतीतल्या पाइपमध्ये ओढावी.

ऑप्टिकल केबल तरीही निरुपयोगी ठरत नाही. केबल टीव्हीची तार आणि घराचे अर्थिंग यांच्यात विद्युत्-वळसा तयार होऊन स्पीकरमधून गुणगुण येऊ लागली, तर सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकलने घ्यावा, कारण प्रकाशाच्या वाटेने वीज जात नाही. मात्र बॉक्स आणि रिसीव्हर यांना जोडणारी दुसरी धातूची तार, उदाहरणार्थ चित्रासाठीची एचडीएमआय, तशीच राहिली तर गुणगुणही राहते.