रॉचेस्टरच्या शाळेतली टीबीची टेस्ट

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे, मेयो क्लिनिकमुळे जगभर माहीत असलेलं. तिथेच हॉथॉर्न नावाचं प्रौढ शिक्षण केंद्र आहे, सोमालिया, कंबोडिया, मेक्सिको कुठून कुठून आलेली मोठी माणसं तिथे इंग्रजी शिकायला येतात. २००४ साली ही मंडळी, केंद्रातले शिक्षक आणि मेयोचे डॉक्टर एकत्र बसायला लागले आणि त्यातून रॉचेस्टर हेल्दी कम्युनिटी पार्टनरशिप उभी राहिली. पहिला विषय घेतला टीबीचा.

टीबीचं एक अवघड दुखणं आहे. जंतू अंगात शिरले तरी बहुतेकांना काहीच होत नाही, शरीर त्यांना कोंडून ठेवतं, ना खोकला ना ताप, आणि अशा माणसापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण आयुष्यात कधीतरी आजार उफाळायची शक्यता साधारण ५ ते १० टक्के राहते म्हणून डॉक्टर कित्येक महिने गोळ्या घ्यायला सांगतात. आता आपल्याकडेच एखाद्या धडधाकट माणसाला सांगून बघा की तुला काही झालेलं नाही पण गोळ्या घे, तो काय म्हणेल? त्यात आपल्यासारखाच या लोकांच्या दंडावरही बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा, वण असतो, आणि बीसीजीमुळे कधीकधी टीबीची स्किन टेस्ट उगीचच पॉझिटिव्ह येते. मग "लस घेतलीय म्हणून आलं असेल" असं कुणी म्हटलं तर ते अडाणीपणाचं बोलणं नाही, त्यात तथ्य आहे.

म्हणून यांनी टेस्टच्या आधी गप्पा केल्या. केंद्रातल्या ८३ जणांशी गटागटात बोलले. कळलं असं की टीबी हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तो पसरतो कसा याबद्दल गोंधळ आहे, आणि आजारापेक्षा मोठी भीती आहे ती लोक वाळीत टाकतील याची. ही भीती माहितीपत्रकाचं नुसतं भाषांतर करून कशी जाणार? मग त्याच लोकांना सोबत घेऊन व्हिडिओ बनवला आणि टेस्टही शाळेतच ठेवली.

शाळेतच का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या टेस्टमध्ये हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुईने औषध टोचतात, मसुराएवढा फुगा येतो, आणि ४८ ते ७२ तासांनी पुन्हा येऊन तिथली गाठ मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी लागते. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस तेवढ्यासाठी रजा टाकून दवाखान्यात पुन्हा येईलच असं नाही, वर्गात तर तो तसाही येणारच असतो.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनीही आदिवासींना विचारूनच दवाखाना बांधला, झोपड्यांसारखा, दंतेश्वरी देवीच्या नावाने. विचार तोच.

आणि रॉचेस्टरमध्ये सगळंच जमलं असं नाही. नंतर ४४ स्थलांतरित कुटुंबांसोबत आहार आणि व्यायामाचा प्रयोग केला, त्याच समाजातली प्रशिक्षित माणसं घरोघर जायची. मोठ्यांचं खाणं खरंच सुधारलं पण व्यायामात काही फरक पडला नाही. डायबिटीसच्या वेळी पेशंटनीच आपली गोष्ट आपल्या आवाजात सांगितलेला १२ मिनिटांचा व्हिडिओ केला, ४५१ लॅटिनो पेशंटवर त्याची नीट चाचणी झाली, साखरेत फरक पडला, थोडासाच, पण पडला. एका व्हिडिओने एवढंही होत असेल तर मी त्याला कमी म्हणणार नाही.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा ही ओळखपाळख आधीच तयार होती. माहिती त्या त्या भाषेत वस्तीतल्याच माणसांकडून जायची, आणि निरोप देणारा ओळखीचा असल्यामुळे लोक आपल्या अडचणी त्यालाच सांगायचे, ज्या तो परत वरपर्यंत पोचवायचा.