छोट्या कॅबिनेटमधला गेमिंग पीसी : ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानात हल्ली सारखं कोणीतरी मोबाईल पुढे करतं. फोटोत बुटाच्या खोक्याएवढा पीसी असतो आणि मागणी एकच, "असाच हवा." करून देतो, हौसेने देतो. पण आधी एक सांगून टाकतो : टेबलाखाली टॉवरला जागा असेल तर टॉवरच घ्या. तेवढ्याच पैशात त्यात वरच्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड बसतं, कारण छोटा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) आणि छोटा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) नेहमीच्यापेक्षा महाग पडतात. घरात खरोखर जागा नसेल, किंवा दर शनिवारी पीसी सॅकमध्ये टाकून मित्राकडे ऐरोलीला जायचं असेल, तर पुढे वाचा.

छोटा म्हणजे किती?

कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. ३४ × १५ × २२ म्हणजे साधारण ११.२ लिटर. नेहमीचा टॉवर ४०-५० लिटरचा असतो. पाण्याच्या २० लिटरच्या जारपेक्षा कमी भरला की तो छोट्यांत जमा. पहिलाच छोटा पीसी असेल तर १० लिटरच्या खाली जाऊ नका, असं आम्ही सांगतो. ऐकतात थोडेच.

आधी कॅबिनेट, मग बाकीचं

टॉवरमध्ये आधी कार्ड ठरतं. इथे उलटं. कॅबिनेट ठरलं की कार्डची लांबी-जाडी, प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरची उंची, एसएमपीएसचं माप, सगळं मिलिमीटरमध्ये ठरून जातं. एक ग्राहक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तीन पंख्यांचं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन आले. कार्ड ३२ सेंटिमीटर, कॅबिनेटची मर्यादा ३०. शेवटी कॅबिनेट बदललं. लांबी जमली तरी कार्डच्या वीजजोडणीच्या वायरचा प्रश्न उरतोच : नव्या १६ पिनांच्या जोडणीत वायर निदान ३५ मिलिमीटर सरळ यावी लागते, मगच वाकवायची. काचेच्या दाराने ती दाबली गेली तर जोडणी तापते.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स लागतो. व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलेलं हे माप १७ × १७ सेंटिमीटरचं आहे. यावर रॅमच्या जागा दोनच. "आत्ता ८ जीबीच्या दोन पट्ट्या टाकू, पुढे वाढवू" हा बेत इथे फसतो. वाढवताना जुन्या दोन्ही काढाव्या लागतात. १६ च्या दोन एकदमच घ्या.

काही कॅबिनेटमध्ये कार्ड बोर्डच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि मधे दोघांना जोडणारी रायझर केबल येते. केबल पीसीआयई जोडणीच्या (कार्ड आणि बोर्ड ज्यातून बोलतात ती) जुन्या तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचं असेल तर कधीकधी स्क्रीन काळीच राहते. कार्ड बिघडलेलं नसतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग तिसऱ्या पिढीवर बांधला की बहुतेक वेळा चालू होतं.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा

यूट्यूबवरची तापमानं बहुधा एसी खोलीतली असतात. खोली २३ अंशांवर असताना कार्ड ७२ दाखवत असेल, तर मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ३३ अंशांच्या बेडरूममध्ये ते ८२ च्या आसपास जाणार. मोठ्या टॉवरमध्ये हे खपतं. छोट्यात पंखे किंचाळू लागतात. म्हणून आम्ही जोडलेला प्रत्येक छोटा पीसी दुकानाचा एसी बंद करून दुपारभर चालवून बघतो. आमचीही वाफ होते, पण इलाज नाही.

उपाय सोपा आहे : कमी वीज खाणारे भाग घ्या. रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर किंवा आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड अशा डब्यात सुखाने नांदतं. मोठं कार्ड हवंच असेल तर त्याची वीजमर्यादा आम्ही १०-१५ टक्के उतरवून देतो. खेळताना फरक क्वचितच कळतो, आवाज मात्र स्पष्ट कमी होतो. प्रोसेसर खेळताना ८०-८५ दाखवतो म्हणून रात्री अकराला फोन करू नका. ७६०० ची मर्यादाच ९५ अंशांची आहे.

पीसी टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका. ज्या जाळीतून हवा आत जाते, तिच्यापुढे चार बोटं तरी जागा सोडा. मेट्रो आणि बांधकामांची धूळ खिडकीतून येतेच. जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं नको. पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा यूपीएसचे पैसे वाचवू नका.

दुकानात येताना टेबलाचं माप, मॉनिटरचं मॉडेल आणि मनात भरलेल्या कार्डची लांबी-जाडी लिहून आणा. काही सुटे भाग आधीच घेतले असतील तर बिलं आणि खोकीही आणा. वॉरंटीचा नंबर बऱ्याचदा खोक्यावरच असतो.