टोकामॅकमधील प्लाझ्माच्या अस्थिरतेचे नियंत्रण

अणुसंमीलनासाठी, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी, टोकामॅक या कंकणाकृती यंत्रात दहा कोटी अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर धरून ठेवतात. प्लाझ्मातून वाहणारा विद्युत् प्रवाह आणि त्याचा स्वतःचा दाब हेच त्याला वेडावाकडा करू पाहतात. अशा विकृती वेळीच रोखणे, निदान त्यांचा जोर कमी करणे, म्हणजे अस्थिरतेचे नियंत्रण.

सर्वांत रुळलेले नियंत्रण प्लाझ्माच्या जागेचे. प्लाझ्माचा छेद उभट ठेवल्यास बंदिस्ती, म्हणजे उष्णता आत धरून ठेवण्याची क्षमता, सुधारते, मात्र तो वर किंवा खाली घसरू लागतो. भोवतालच्या धातूत निर्माण होणारे भोवरा प्रवाह ही घसरण मंदावतात आणि तेवढ्या अवधीत चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांतील प्रवाह बदलून प्लाझ्मा सावरला जातो. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील टीसीव्ही या टोकामॅकवर हे काम संगणकाने स्वतः शिकून केल्याचे प्रसिद्ध झाले.

खरी डोकेदुखी कडेची आहे. १९८२ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथील आस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना उच्च बंदिस्तीची अवस्था सापडली. तिच्यात प्लाझ्माच्या कडेला दाब एकदम चढतो आणि नेमका त्यामुळेच तिथे वारंवार उद्रेक होतात. प्रत्येक उद्रेक मिलिसेकंदभराचाच असतो, परंतु त्यात निसटलेली ऊर्जा डायव्हर्टरच्या, म्हणजे बाहेर पडणारी उष्णता व कण झेलणाऱ्या भागाच्या, चिंचोळ्या पट्ट्यावर आदळते. लहान यंत्रे हा मारा सोसतात. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या प्रचंड टोकामॅकच्या आकाराच्या यंत्रात टंगस्टनचा पृष्ठभाग वितळू शकतो. अमेरिकेतील डीथ्री-डी यंत्रावर यावर तोड निघाली: मुख्य क्षेत्राच्या तुलनेत अगदी क्षीण असे वाकडे क्षेत्र कडेला लावले की उद्रेक थांबतात. हा इलाज फुकटचा नाही, कारण त्याने प्लाझ्माची घनताही बऱ्याचदा घटते. तरीही इटरमध्ये अशी २७ वेटोळी योजली आहेत. दुसरा मार्ग गोठवलेल्या ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) बारीक गोळ्या मारून छोटे उद्रेक मुद्दाम लवकर घडवण्याचा.

आतल्या भागात चुंबकीय बलरेषा तुटून पुन्हा जुळतात आणि ‘चुंबकीय बेटे’ तयार होतात. त्यांतून उष्णता गळते. सूक्ष्मतरंगांचा झोत आरशाने नेमका बेटावर वळवून तिथे प्रवाह निर्माण केला, की बेट आक्रसते. नेम थोडा चुकला तरी परिणाम बराच घटतो.

एवढे करूनही प्लाझ्मा अचानक कोसळला, तर नियंत्रणाची वेळ टळलेली असते. मग निऑन व हायड्रोजनच्या गोठवलेल्या गोळीचे तुकडे आत फेकून ऊर्जा प्रकाशरूपाने चहूकडे विखुरतात. पिळदार वेटोळ्यांनीच प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या स्टेलरेटर प्रकारच्या यंत्रांना, उदाहरणार्थ जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील वेंडेलस्टाइन ७-एक्सला, प्लाझ्मात मोठा प्रवाह लागत नाही. त्यामुळे हा धोका तिथे जवळपास नसतो. त्याऐवजी पिळदार वेटोळी अचूक घडवण्याचे काम पदरी येते.